ताण्याच्या सुताचे गोळे

बाई, तुम्हाला जाऊन दहा वर्षं होऊन गेली. तुम्हाला काही सांगायचं राहिलंय असं मला या दहा वर्षांत सारखं वाटत आलं आणि मी ते टाळत आलो. आज लिहायला बसलोय त्याला कारण दूध आहे. परवा दुपारी मी दूध तापवलं, गॅस बंद केला आणि बाहेर खुर्चीत येऊन बसलो. बंद केला हे मला पक्कं आठवत होतं, बटणाचा खट्ट आवाजही आठवत होता. थोड्या वेळानं सून आतून ओरडली, "मामा, गॅस चालूच की ओ!" ओटाभर दूध झालं होतं, पातेलं करपलं होतं. मी म्हटलं, मी बंद केलता. संध्याकाळी मुलगा कामावरून आला, त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाला, "आबा, तुमच्या ध्यानात ऱ्हात न्हाय आता. गॅसजवळ जाऊ नगासा." तो ओरडला असता तर बरं झालं असतं. जेवायला बसलो तेव्हा माझं मलाच वाटायला लागलं की खट्ट आवाज झालाच नसेल, आदल्या दिवशीचा असेल. ज्या हातानं बटण फिरवलं त्या हाताकडे मी बघत बसलो. माणसाचा स्वतःवरचा भरवसा उडतो तेव्हा आतून कसं वाटतं, ते मला या वयात पहिल्यांदा कळलं. तुम्हाला ते माझ्यामुळं कळलं होतं. म्हणून लिहितोय.

मी तुमच्या कॉलेजात वनस्पतीशास्त्राच्या प्रयोगशाळेतला शिपाई. सातवी नापास. बरण्या धुणं, पानं वर्तमानपत्रात दाबून ठेवणं, सूक्ष्मदर्शकांवर कापड घालणं ही माझी कामं. माझं अक्षर बरं आहे हे तुम्ही हेरलंत आणि वनस्पतींच्या चिठ्ठ्या लिहायला दिल्यात. लॅटिन नावं मी चित्रासारखी काढायचो, वाचता एक यायचं नाही. एकदा एका नावातलं एक अक्षर माझ्याकडून गळलं तर तुम्ही पन्नास चिठ्ठ्या परत लिहायला लावल्यात. म्हणालात, "नाव चुकलं की ती वनस्पती हरवली असं समज. कपाटात असून हरवली." मला राग आला होता, पण त्या दिवसापासून मी प्रत्येक चिठ्ठी तीन तीनदा तपासायला लागलो. काळजी करायची सवय मला आधीपासून होती, तुम्ही तिला काम दिलंत.

तुम्ही निवृत्त झालात त्याच सुमाराला तुमचे हात थरथरायला लागले. आधी कप बशीवर वाजायचा. मग सही करता येईना. मंगळवार पेठेतल्या घरात तुम्ही एकट्या, आणि सोप्यात खिडकीखाली काचेच्या तीन पसरट भांड्यांत एका पाणवनस्पतीची रोपं. भुदरगडकडच्या एका ओढ्यात खडकांच्या फटींत ती उगवायची. मी तुमच्याबरोबर दोनदा तिथं आलो होतो, पत्र्याचा डबा खांद्याला लावून. तुम्ही लुगड्याचा ओचा खोचून गुडघाभर पाण्यात उतरायचात आणि मी काठावर उभा राहून आता पाय घसरतो का मग घसरतो म्हणून जीव मुठीत धरून असायचो. पान अरुंद, गवतासारखं. फूल जमिनीलगत, सुताला पीळ घालावा तसं पिळलेलं, आतून जांभळट. त्याचं लॅटिन नाव मला कधी म्हणता आलं नाही. मी 'पिळाची' म्हणायचो, पुढं तुम्हीही तेच म्हणायला लागलात. मग त्या ओढ्यावर बंधारा झाला. लोकांच्या उसाला पाणी मिळालं, चांगलं झालं, पण ओढा वाहायचा थांबला आणि बारा महिने साचून राहिला. तिसऱ्या वर्षी आपण गेलो तर खडकावर नुसता गाळ. तुम्ही काठीनं गाळ ढवळून बघितलात, बराच वेळ. भांड्यांत होती तेवढीच त्या ओढ्यातली उरली. तुमचा एक जुना विद्यार्थी पुण्याला मोठ्या हुद्द्यावर होता, तो येऊन ती घेऊन जाणार होता, वाढवणार होता आणि दुसऱ्या एका वाहत्या ओढ्यात लावणार होता. पण त्याला आधी फूल बघायचं होतं. फुलाशिवाय खात्री नाही, असं तुम्हीच त्याला शिकवलेलं.

ती भांड्यांतल्या मातीत फुलत नव्हती. माती पाण्याखाली काळी पडायची, वास यायचा. मग तुम्ही गोळ्यांची रीत काढलीत. कुंभाराकडची चाळलेली माती दोन वाटे, नदीचा गाळ एक वाटा, काथ्याचा भुसा एक वाटा. पाणी शिंपडत मळायचं. मूठ आवळली की बोटांतून थेंब यावा पण गोळा फुटू नये. मोठ्या लाडवाएवढा गोळा करायचा, मधून चिरायचा, रोपाची मुळं आत पसरून बसवायची, मिटायचा. वरून पन्हाळ्याच्या भिंतीवरून सुरीनं खरवडून आणलेलं शेवाळ, मखमलीच्या तुकड्यासारखं, चहूबाजूंनी लावायचं. आणि मग सूत. आधी फुलीसारखं, मग फिरवत फिरवत. नंतर तो गोळा भांड्यात अर्धा पाण्यात आणि अर्धा वर. नळाचं पाणी दोन दिवस उघडं ठेवून, औषधाचा वास गेल्यावरच घालायचं. तुमच्या हातांनी सूत गुंडाळणं शक्य नव्हतं, म्हणून मी दर रविवारी यायचो. पहिला गोळा मी इतका आवळला की शेवाळ फाटलं. तुम्ही वर्गात शुद्ध बोलायचात, पण चिडलात की आमच्यासारख्या. "आरं, गोळा बांधतोयस का मुडदा? त्याला श्वास घ्यायचा हाय का न्हाय?" मी सोडून परत बांधला. तिसऱ्या वेळेला तुम्ही नुसतं "हं" म्हणालात. कॉलेजात चोवीस वर्षं काढली, पण त्या "हं"इतकं मला कोणी काही दिलं नाही.

सात गोळे झाले. त्यांच्यात माझा जीव अडकला. घरी जेवताना मी बायकोला सांगायचो, आज तिसऱ्याला नवं पान आलंय, पाचव्याचं पिवळं पडलंय. ती म्हणायची, "गोळ्यास्नी जपता तेवढं पोरास्नी जपलासा का?" खरं होतं ते.

सूत कुठलं घ्यायचं हे तुम्ही बजावून सांगितलं होतं. साधं कापसाचं, कच्चं, बाण्याचं, म्हणजे कापडात आडवं जातं ते. महिन्या दीड महिन्यात ते पाण्यात कुजून जातं आणि तोवर मुळं नि शेवाळ गोळ्याला धरून ठेवतात. माझा मेहुणा इचलकरंजीत मागावर होता, तो कांडीवरचं उरलेलं सूत आणून द्यायचा. पण कुजणारं सूत ही गोष्टच माझ्या मनाला पटत नव्हती. बांधायचं ते टिकायला नको का? तुम्हाला दोनदा विचारलं. तुम्ही म्हणालात, "तू बांधलंस म्हणून ते टिकत नाही रे. ते स्वतः धरतं म्हणून टिकतं." मी मान हलवली. पटलं नाही.

मग तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं, मिरजेला. तिथून जवळ म्हणून नंतर दीड महिना भाचीकडे जयसिंगपूरला राहायचं होतं. निघताना रिक्षात बसून तुम्ही किल्ली माझ्या हातात दिलीत. "फक्त पाणी बदल. गोळ्यांना हात लावू नकोस." भाची शेजारी होती. ती हसून म्हणाली, "मावशी, घराची काळजी न्हाय तुला, गोळ्यांचीच." तुम्ही म्हणालात, "घर कुठं जातंय?"

दहा बारा दिवसांत दोन गोळ्यांचं सूत तुटून लोंबायला लागलं. ते तसंच व्हायचं होतं, तुम्ही सांगितलंच होतं. पण रोज कामावर जाताना मला वाटायचं, आता गोळा फुटला असेल, माती विरघळून भांड्यात चिखल झाला असेल, बाई आल्यावर काय दाखवू. दिवसातून दोनदा सायकल मारत यायचो. कुलूप काढायचो, बघायचो, जायचो. शेवटी इचलकरंजीला जाऊन मेहुण्याला म्हटलं, जरा दमदार दे. त्यानं भीमावरचं, मागाच्या मोठ्या रुळावर गुंडाळलेलं उभं सूत काढून दिलं. "ह्ये ताण्याचं हाय पावणं, हत्ती बांधा, तुटायचं न्हाय." मी बोटावर ताणून बघितलं, तारेसारखं कडक. फार बरं वाटलं. त्या रविवारी मी सातही गोळे पाण्याबाहेर काढले, जुनं सूत ओढून काढलं आणि नव्यानं आवळून बांधले. ओढताना कुठं कुठं बारीक मुळं तुटली.

ताण्याच्या सुताला खळ लावलेली असते हे इचलकरंजीतलं शेंबडं पोर सांगेल. मागाचा मार सोसावा म्हणून ते खळीत बुडवून वाळवतात, त्यात टिकावं म्हणून काय काय औषधंही घालतात. ते अंगावर घ्यायचं कापड होण्याआधी धुतात. मेहुण्याला कुठं माहीत मी ते पाण्यात ठेवणार होतो. चौथ्या दिवशी भांड्यांवर पांढरी साय धरली, आंबट वास सुटला. मी पाणी बदललं. परत धरली. पाचव्या दिवशी पानं काचेसारखी आरपार झाली आणि हात लावला की बोटाला बुळबुळीत लागून तुटायची. सातव्या दिवशी एकाही गोळ्यावर पान नव्हतं. सोप्यात मेलेल्या माशासारखा वास. मी तुमच्या खुर्चीत बसलो, पहिल्यांदाच. कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर जाऊन जयसिंगपूरला फोन लावावा म्हणून उठलो. बूथपर्यंत गेलोही. आत एक माणूस कुणाशी तरी भांडत होता. मी थांबलो, त्याचं संपलं, माझी पाळी आली आणि मी परत फिरलो.

सातही गोळे मी पिशवीत घातले आणि नाल्यात टाकले.

मग स्टँडजवळच्या माशांच्या दुकानात गेलो. तिथं कलकत्त्याकडून आलेली तशीच अरुंद पानांची रोपं मिळायची. दुकानदार म्हणाला, "पावणं, मासं न्हेत न्हाईसा, नुसतं गवत घिऊन जाताय? मासं काय वाऱ्यावर जगत्यात व्हय?" मी हसलो. सात रोपं आणली, माती मळली, शेवाळ लावलं, या वेळी बाण्याच्या सुतानं बांधली. इतके सुबक गोळे मी कधी बांधले नव्हते. हात जरासुद्धा चुकला नाही.

तुम्ही परत आलात. डोळ्याची पट्टी नुकतीच निघालेली, भाचीच्या खांद्यावर हात. आल्या आल्या सोप्यात भांड्यांजवळ वाकलात. तुम्ही म्हणालात, "रंग निराळा वाटतो रे पानांचा." मी काही बोलायच्या आत तुम्हीच हसलात. "डोळा नवा आहे, रंग नवे दिसायचेच. भाचीची साडीसुद्धा निळी दिसते मला." मग चहा घेताना सहज म्हणालात, "पानं विरघळली नाहीत ना मी नसताना? मला तीच धास्ती होती, तुला सांगायचं राहिलं. पाणी बदललं, जागा बदलली की हिची सगळी पानं विरघळतात. माणूस घाबरतो. पण मुळं जिवंत असतात. तसंच ठेवलं तर महिन्याभरात परत येतात." मी "न्हाय बाई, काय न्हाय झालं" म्हणालो आणि दूध आणायचं निमित्त काढून निघालो ते सरळ नाल्यावर. उतरून बघितलं. प्लॅस्टिक, चिंध्या, एक तुटकी बादली. काठी घेऊन ढवळलं. वर पुलावर दोघं थांबले. एक म्हणाला, "काय हरिवलं ओ?" मी म्हटलं, किल्ली.

पहिलं फूल आलं ते माघात. पीळ नव्हता. सरळ, आखूड, तांबूस. तुम्ही भिंग घेऊन बराच वेळ बघितलंत, हात थरथरत होता म्हणून भिंग मी धरलं. "डोळा नवा आहे, त्यालाच बघू दे," म्हणालात आणि पुण्याला कळवलंत. पुण्याहून तुमचा विद्यार्थी आला, गाडी घेऊन, पेट्या घेऊन, रोपं न्यायला. त्यानं एक पान उलटं केलं, फूल बघितलं आणि अवघडून म्हणाला, "बाई, ही बाजारातली आहेत. आपली नाहीत." मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभा होतो. तुम्ही म्हणालात, "शक्य नाही. या गोळ्यांना दुसऱ्या कुणाचा हात लागलेला नाही." भाचीही आली होती त्या दिवशी. ती म्हणाली, "मावशी, ऑपरेशनच्या आधी तू किल्ली दोनदा फ्रीजमध्ये ठेवली होतीस." तिच्या मनात वाईट नव्हतं.

तेव्हा तुम्ही माझ्याकडे वळलात. खुर्चीत बसून, मान वर करून. "तुला आठवतं का रे? मी कधी दुकानातून रोपं आणून यांत मिसळली होती?"

बाई, त्या वेळी मी नुसता गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. मी म्हणालो, "असंल बाई. आणलं असंल तुम्ही."

तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. रागानं नाही, मला समजून घेत असल्यासारखं. मग त्याला म्हणालात, "मग माझंच चुकलं. तुला उगाच इतक्या लांब बोलावलं." तो पेट्या रिकाम्या घेऊन गेला. मी कप उचलले.

त्यानंतर तुम्ही चिठ्ठ्या लिहायला लागलात, त्या वाकड्या तिकड्या अक्षरांत. गॅसजवळ एक, दाराला एक, औषधांच्या डब्यावर एक. मग तुम्हाला तुमचं अक्षर लागेना, म्हणून मला लिहायला सांगितलंत. 'गॅस बंद केला का.' 'आज कोणता वार.' मी सुंदर अक्षरात लिहून चिकटवल्या. दूध घेतलं का हे तुम्ही मला विचारायचात, आणि मी हो म्हटलं तरी परत विचारायचात. रस्त्यावरचं झाड दाखवून त्याचं नाव मला विचारलंत एकदा. ते तुम्हाला येत होतं, बाई. मी बघत होतो, तुमच्या ओठांवर आलं होतं, पण तुम्ही ते बोलायला धजला नाहीत. भाचीनं उन्हाळ्यात तुम्हाला जयसिंगपूरला नेलं. "मामा, आता एकटं ठेवणं बरोबर न्हाय, तुमीच सांगा," ती मला म्हणाली. मी म्हटलं, बरोबर हाय. तिथं तुम्ही खिडकीशी बसून असायचात, काही लावलं नाही, काही वाचलं नाही. एकदा भेटायला आलो तर मला ओळखलंत, पण नाव घ्यायच्या आधी भाचीकडे बघितलंत, बरोबर आहे का म्हणून. दिवाळीनंतर तुम्ही गेलात.

डॉक्टर म्हणाले, वय झालं होतं, कंपवात होता, मेंदूवर परिणाम होतोच. भाचीही तेच म्हणते. असेलही. मी सातवी नापास माणूस, मला काय कळतं. पण तुमचं डोकं त्या दिवशी सकाळपर्यंत चांगलं होतं हे मला माहीत आहे, आणि हे माहीत असलेला मी एकटाच आहे.

हे पत्र भाचीला दाखवावं असं काल ठरवलं होतं. जयसिंगपूरची बस कितीला सुटते तेही विचारून आलो. दाखवणार नाही. ती आता स्वतः थकली आहे, आणि तुम्हाला नेलं तेव्हा तिनं जे केलं ते बरोबर होतं अशा समजात ती आहे. तिला तेवढं राहू दे. असं मी म्हणतो खरा, पण मला भीती वाटते हे त्याचं कारण आहे. लिहिलेलं मी पेटीत जुन्या पेन्शनच्या कागदांखाली ठेवीन.

आणि वर एक गोष्ट मी चुकवली. गोळे नाल्यात टाकले एवढंच लिहून पुढं गेलो. टाकायच्या आधी मी त्यातला एक फोडून बघितला होता. मुळं आत पांढरी होती. घट्ट, जाड, बोटानं दाबली तरी दबत नव्हती. कुजलेलं मूळ कसं असतं ते मी चोवीस वर्षं बरण्या धुताना बघितलं होतं. ही मेलेली नव्हती हे मला त्याच वेळी कळलं. पण परत महिनाभर रोज येऊन कुलूप काढायचं, बघायचं, उद्या काय होईल म्हणून झुरायचं, ते मला नको झालं होतं. पिशवी टाकली, आणि येताना नाक्यावर थांबून चहा प्यालो. कितीतरी दिवसांनी मला भूक लागली होती. मी दोन भजी पण खाल्ली.